प्रोसेसरचा कूलर

"ही गाडी मूलमार्गे चंद्रपूरले जाईन. मागच्या सीटा हाडं खिळखिळी करतात. डावीकडची खिडकी बंद होत नाई, ज्याले धूळ खाची असन त्यानंच तिथी बसावं. डायवर चांगला आहे, पन सकारी चहा भेटला नाई का चिडते. आता तिकिटा काढा."

गडचिरोलीच्या स्टँडवर गाडी सुटण्याआधी आमचे कंडक्टर भाऊ रोज हे भाषण द्यायचे. तो चिडणारा ड्रायव्हर म्हणजे मी. सुरुवातीला मला असा संताप यायचा म्हणता! डेपोतल्या साहेबांनीही एकदा बोलावून झापलं, गाडीची बदनामी करता म्हणून. भाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, खोट आधी सांगतली का मंग भांडन होत नाई." आणि खरंच, आमच्या गाडीत भांडण म्हणून कधी झालं नाही. धुळीनं पांढरी झालेली एखादी म्हातारी मूलच्या स्टँडवर उतरताना उलट आम्हालाच म्हणायची, "मले सांगतलं होतं ना बापा त्यायनं, मीच बसली."

भाऊंचं नाव लिहीत नाही. ते असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, "लिहून राह्यला ते ठीक, पन त्यात खोट काय?" तर सांगून टाकतो. मी आयुष्यभर स्टिअरिंग धरलं, पेन नाही. घरी मले-तुले बोलतो आणि इथं मास्तरांनी छड्या मारून शिकवलेलं मला-तुला लिहितो आहे. ही एक खोट झाली. बाकीच्या तुम्ही शोधा.

माणूस कुठलीही वस्तू घेताना भाव आधी विचारतो. भाऊ खोट विचारायचे. वांगी असोत, चप्पल असो, छत्री असो, "याच्यात खोट काय ते सांग, मंग घेतो." दुकानदार म्हणाला, "एकदम फर्स्टक्लास, कायीच खोट नाई," की वस्तू ठेवून भाऊ चालायला लागायचे. मूलला एका चहावाल्याला त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, चहात कसली खोट? झालं, आम्ही बिनचहाचे निघालो. त्या दिवशी चंद्रपूरपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

ही खोड त्यांना वडिलांकडून आली होती. घर ढिवरांचं, गाव वैनगंगेच्या काठचं. वडील आठवडी बाजारात मासोळ्या घेऊन बसायचे आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "हे सकारची, हे रातची. रातची स्वस्त आहे, पन आजच खाजो, उद्यावर ठेवजो नोको." बाजार उठायच्या आत त्यांची टोपली रिकामी व्हायची. भाऊ हे सांगताना स्वतःच्याच वडिलांवर असे खुश व्हायचे की त्यांच्या हातातली तिकिटं तशीच राहायची आणि मागचे लोक ओरडायचे.

लग्नाची गोष्ट त्यांनी मला भामरागडला सांगितली. पावसाळ्यात आमची तिकडे ड्युटी लागली होती आणि पर्लकोटा नदीनं पूल गिळला. गाडी इकडे, रस्ता पाण्याखाली. करायला काही नाही, दोघं एका हॉटेलच्या बाकावर पाण्याकडे बघत बसलो. भाऊ सांगत होते, की मुलगी पाहायला गेले तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी सासऱ्यांसमोर आधी स्वतःच्याच खोटी मांडल्या. मी झोपेत बडबडतो. मले दारू चालत नाई, पाहुने नाराज होतात. माझा आवाज मोठा आहे. "आता तुमच्या पोरीची सांगा." पाहुणे खाली माना घालून बसलेले. तेवढ्यात आतून पोरीचाच आवाज आला, "मले राग आला का मी दोन-दोन दिवस बोलत नाई."

"मी म्हनलं, जमलं! मी झोपेत बोलतो, हे जागेपनी बोलत नाई. हिशोब बरोबर."

मी हसलो. भाऊ नाही हसले. पाण्याकडे बघत म्हणाले, "पन एक खोट राह्यली गा, डायवर. तिले माहीत नव्हती, न् मलेबी नाई."

त्यांची एकुलती पोरगी सिकलची होती. आमच्या भागात सिकलसेलला नुसतं सिकल म्हणतात. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडांमध्ये असं दुखणं उठतं की पोरगी उशी दातात धरून पडून राहायची. ती लहान असताना डॉक्टरांनी नवराबायको दोघांचंही रक्त तपासलं. दोघांच्या रक्तात तो आजार अर्धा-अर्धा होता. त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही, पोरीला मात्र दोघांकडून येऊन पूर्ण झाला होता. भाऊ डॉक्टरांना म्हणाले होते, "मी विचारलं होतं जी. लग्नाच्या आधी मी विचारलं होतं."

आता लग्नाआधी सिकलचा रिपोर्ट मागतात. तेव्हा कोणाला सुचत होतं?

पोरगी मात्र मोठी तिखट. हडकुळी, डोळे पिवळसर, पण तोंड असं चालायचं की बापाला मागे टाकेल. मी घरी गेलो की माझी परीक्षाच घ्यायची. "काका, चढावावर गेर कवा बदलता? काका, भरलेली गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये काऊन टाकत नाई?" मी म्हणायचो, "तुले काय डायवर व्हाचं आहे?" तर म्हणायची, "मंग? पाय दुखतात माहे, हात तर चालतात ना!"

बरं असलं की ती गावातल्या कॉम्प्युटर क्लासला जायची. तिथं कोणीतरी तिला ट्रक चालवायचा गेम दाखवला. डोंगर, घाट, वळणं, मागे माल भरलेला ट्रक. क्लासातल्या मशीनवर तो धड चालत नव्हता, थांबून थांबून पुढे सरकायचा. पोरगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, मले कम्पूटर पाह्यजे. गेमवाला. क्लासातल्यासारखा रडका नाई."

या एका मागणीला भाऊंनी खोट विचारली नाही.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, एक-दोन वर्षं इकडे-तिकडे. तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर घेणारा माणूस पोरांच्या अभ्यासासाठी म्हणून घ्यायचा. मीही भाऊंना सुचवलं, "लोकायले अभ्यासासाठी म्हना. गेमसाठी घेतो म्हनलं तर हसतीन." भाऊ म्हणाले, "हसू दे. तिले धावता येत नाई. गाडी तर चालवू दे."

हात आखडता होता. दवाखान्याच्या खेपा, औषधं, नागपूरच्या चकरा. त्यातून बाजूला पडलेलं होतं तेवढंच, त्यात एक पै वाढायची नाही. चंद्रपूरला गाडी थांबली की परत निघेपर्यंत भाऊ मला ओढत कॉम्प्युटरच्या दुकानांतून फिरवायचे. मोठ्या दुकानात थंडगार काचेच्या खोलीत टाय लावलेला माणूस म्हणायचा, "सर, बेस्ट पीस आहे." भाऊ विचारायचे, "खोट?" तो म्हणायचा, "काहीच नाही." भाऊ उठायचे. मी त्या थंड खोलीत अजून जरा बसलो असतो, पण ऐकतं कोण!

शेवटी एका बोळात एक दुकान सापडलं. मालक तरुण मुसलमान भाई, बाप रेडिओ दुरुस्त करायचा, हा कॉम्प्युटर जोडायचा. भाऊंनी नेहमीचा प्रश्न टाकला. भाईनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"किसकी खोट बताऊँ चाचा? सबमें है."

भाऊंनी स्टूल ओढलं आणि बसले.

भाईनं मला ड्रायव्हर बघून सगळं इंजिनाच्या भाषेत समजावलं. प्रोसेसर म्हणजे इंजिन. टीव्हीवर जाहिरात येते त्या कंपनीचा चांगला प्रोसेसर घेतला तर पैसे तिथंच संपतील, गेमची चित्रं पळवणारं कार्ड घ्यायला काही उरणार नाही. त्याच कंपनीचा स्वस्तातला घेतला तर तो लंगडा, घाटात दम तोडेल. तिसरा होता दुसऱ्या कंपनीचा. जाहिरात नाही, किंमत कमी, गेममध्ये मात्र हरणासारखा पळणारा.

"मंग याची खोट सांग."

"गरम बहुत होता है चाचा. अपने चंद्रपूर की गर्मी में तो पूछो मत. छोटे-मोटे से काम नहीं चलेगा, इसको बड़ा कूलर लगेगा."

भाऊंचा चेहरा उजळला. एवढ्या दुकानांत पहिल्यांदा कोणी खोटही सांगितली आणि तिच्यावरचा उपायही. "कूलरचं माह्यावर सोड. मी आनतो."

भाईला वाटलं, काही गिऱ्हाइकं सुटे भाग बाहेरून स्वस्तात आणतात तसं हेही आणतील. म्हणाला, "ठीक है. तब तक मैं साथवाला छोटा लगा देता हूँ. पर बड़ा लगने के बाद ही गेम चलाना."

मशीन तयार झालं त्या दिवशी भाऊंनी खोकी आपल्या सीटवर ठेवली आणि स्वतः उभे राहिले. मी गाडी काढायला गेलो तर टपावर दोन हमाल उरल्यासुरल्या पैशांत घेतलेला एक भलामोठा जुना पत्र्याचा कूलर बांधत होते.

"हे काय भाऊ?"

"प्रोसेसरचा कूलर."

मी कशाला शंका घेऊ? आमच्याकडच्या माणसाला कूलर म्हटलं की एकच वस्तू माहीत. पत्र्याचा डबा, त्याला खसच्या ताट्या, आत पाणी चढवणारा टिल्लू पंप, आणि समोर विमानासारखा आवाज करणारा पंखा. मी वाटेत सगळे खड्डे सांभाळून चालवले, ताट्यांना धक्का नको म्हणून.

घरी टेबलावर मशीन मांडलं. आत हवा जावी म्हणून भाऊंनी त्याची एक बाजू उघडीच ठेवली आणि कूलरचं तोंड नेमकं तिच्याकडे केलं. पोरगी शेजारी खुर्चीवर. तिच्या वाट्याला मशीनवरून उरलेली हवा. गेम सुरू झाला. ट्रक घाट चढायला लागला, वळणावर वळला, उतारावर सुसाट सुटला. पोरगी ओरडली, "काका, हा तुमच्या गाडीहून चांगला पळते!" मी म्हटलं, "त्याले सवाऱ्या घ्या लागत नाई म्हनून." तिची आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडावर धरून हसत होती. त्या घरात मी असं हसणं आधी ऐकलं नव्हतं.

आता ऐका. दर उन्हाळ्यात त्या पोरीच्या दवाखान्याच्या खेपा ठरलेल्या असायच्या. ऊन चढलं की अंगातलं पाणी आटायचं आणि दुखणं उठायचं. त्या वर्षी उन्हाळाभर एकदाही तिला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. एकदाही नाही! ती बंद खोलीत गारव्यात बसून ट्रक चालवायची, आईनं शेजारी ठेवलेला पाण्याचा गडू रिकामा करायची. वजनही जरा वाढलं. भाऊ गाडीत सवाऱ्यांना सांगत सुटले, "पोट्टी खुश आहे म्हनून दुखनं उठत नाई. औषधापेक्षा कम्पूटर लागू पडला." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. आम्हालाही तेच वाटत होतं.

पाऊस लागला आणि मशीन बंद पडलं. बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. खोकं गाडीत घालून चंद्रपूरला भाईकडे नेलं. त्यानं उघडलं आणि बघतच राहिला. आतल्या पट्टीवर हिरवी बुरशी, स्क्रू गंजलेले.

"चाचा, इसको तालाब में रखा था क्या?"

"काऊन? तूच सांगतला तसा कूलर लावला ना. ताट्या बदलून, टाकी भरून."

भाईला उमजायला क्षणभर लागला. मग तो असा हसला की स्टुलावरून पडायचा बाकी राहिला. डोळे पुसत त्यानं खणातून तळहाताएवढी एक वस्तू काढली. ॲल्युमिनियमच्या पात्या, त्यावर इवलासा पंखा. "ये! ये कूलर होता है चाचा!" भाऊंनी ती वस्तू हातात घेतली, उलटीपालटी पाहिली, आणि मग तेही हसायला लागले. मी हसलो. बोळातला पानवाला काही कळलं नसताना हसला. भाऊंना इतकं हसताना मी नंतर कधी पाहिलं नाही.

प्रोसेसर शाबूत होता, पण ज्या पट्टीवर तो बसतो ती नवी घ्यावी लागणार होती. आणि हा तळहाताएवढा कूलरही. भाईनं नफा सोडला, तरी तेवढे पैसे नव्हते.

मोठा कूलर विकायचं ठरलं. गल्लीत एक टेलरचाचा होते, त्यांना दुकानासाठी हवाच होता. भाऊंनी त्यांना रीतसर खोट सांगितली, पावसाळ्यात चिकचिक करते, टिल्लू कधी कधी अडते. भाऊंची बायको सहसा मध्ये बोलायची नाही, त्या दिवशी म्हणाली, "उन्हाळ्यात खोली तापन ना." भाऊ घुटमळले. पोरगीच म्हणाली, "विका बाबा. मशीनले तिचा कूलर भेटला ना आता. मले कायले पाह्यजे?"

नवी पट्टी बसली, छोटा कूलर बसला, गेम पुन्हा पळायला लागला. हिवाळा ठीक गेला. मग उन्हाळा आला. भाऊंचं घर सिमेंटच्या पत्र्याचं. वीज तयार होते आमच्या चंद्रपूरला आणि भारनियमनही आमच्याच माथ्यावर. त्यात ते मशीन. तो छोटा कूलर प्रोसेसरला थंड ठेवायचा, म्हणजे काय करायचा? त्याची सगळी गरमी खोलीत फेकायचा. हे मला आता कळतं. तेव्हा आम्ही म्हणत होतो, व्वा, काय मस्त चालते!

मे महिन्यात एका दुपारी आम्ही चंद्रपूरला पोचलो तेव्हा कंट्रोलरनं भाऊंना खिडकीशी बोलावलं. गडचिरोलीहून फोन होता. पोरीला दवाखान्यात नेलं आहे, या. आमचीच गाडी परत जाणारी होती. त्या दिवशी भाषण झालं नाही. भाऊंनी तिकिटं मात्र फाडली, सगळी, सुट्टे परत देत, मूलला, सावलीला, व्याहाडला. मी आरशात बघायचो तर ते खांबाला धरून उभे. लग्नसराईची गर्दी, हात दाखवेल तिथं थांबावं लागत होतं. वैनगंगेच्या पुलावर मी गाडी अशी पळवली की मागून बायका ओरडल्या.

पोरगी गेली होती. आम्ही पोचण्याच्या थोडं आधी.

डॉक्टर भले होते, तिला लहानपणापासून ओळखत होते. भाऊंचा हात हातात घेऊन म्हणाले, ताप होता, अंगात पाणी राहिलं नव्हतं, या आजारात कधी काय बिघडेल सांगता येत नाही, तुमची कोणाची चूक नाही. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात एकदाही आणावं लागलं नाही तिला. मागच्या वर्षी काय वेगळं केलं होतं तुम्ही?"

त्यांनी सहज विचारलं. देवाशपथ सांगतो, सहज.

"कम्पूटर," भाऊ म्हणाले. आणि थांबले. मी शेजारी उभा होतो. "कम्पूटर तर औंदाही होता," ते म्हणाले. "कूलर नव्हता."

त्यानंतर भाऊ ड्युटीवर यायचे, तिकिटं फाडायचे. जुन्या सवाऱ्या गंमतीनं विचारायच्या, "काय भाऊ, आज गाडीत खोट नाई का?" भाऊ ऐकू न आल्यासारखं करायचे. बाजारात जे मिळेल ते पिशवीत टाकायचे, किडकी वांगीसुद्धा. मला ते सहन व्हायचं नाही. मी त्यांच्यावर चिडायचो, ते उलट चिडायचेही नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. दारात त्यांची बायको भेटली. म्हणाली, टेलरचाचांनी सकाळी कूलर आणून अंगणात ठेवला. पैसे घ्यायला तयार नाहीत. एवढंच म्हणाले, दुकानात त्याच्यासमोर बसवत नाही. "तवापासून हे आतच आहेत. भाऊ, तुमी बोला त्यायच्यासंग."

मी आत गेलो. टेबल रिकामं होतं, मशीन कुठं गेलं मी विचारलं नाही. कूलर चालू होता, टाकी भरलेली, ताट्यांवरून पाणी टपकत होतं. भाऊ जमिनीवर त्याच्या अगदी समोर बसले होते.

"ये डायवर. बस."

मी बसलो. घामेजलेल्या अंगावर अशी गार हवा आली की शहारा आला.

"लय थंड आहे ना गा?"

"हो भाऊ."

"मी उन्हाळाभर गाडीवर. घरी येवो तवा पोट्टी बंद करून ठेवत होती, लाइट जळते म्हनून. मले काय मालूम याची हवा कशी आहे ते?" त्यांनी तळहात पंख्यासमोर धरला. "पन तिले मालूम होतं ना गा. तरी 'विका' म्हनली."

टाकीतलं पाणी कमी झालं होतं. मी उठलो आणि बादलीभर आणून ओतलं.